वाचकांचे प्रश्न : रबरी पाऊल की कार्बनचे?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून शेती करतात. मळणी यंत्राच्या अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांना जयपूर फूट (रबरी कृत्रिम पाऊल) बसवून मिळाला. मांडी घालून बसणे, बांधावरून चालणे त्यांना जमते. परंतु डांबरी रस्त्याने बाजारापर्यंत गेले की ते थकतात आणि स्टंपच्या (कापल्यानंतर उरलेल्या पायाच्या) टोकाशी दुखते. नातेवाईक म्हणतात, रबरी पाऊल जुने झाले, कार्बनचे घ्या. काय करावे?
— एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : पाऊल उचलताना पोटरीचे स्नायू टाच वर खेचतात आणि शरीर पुढे ढकलले जाते. कृत्रिम पावलाला स्नायू नसतात. चालणाऱ्याच्या वजनाने त्यात जी ऊर्जा साठते, तिच्यातला काही भाग तेवढा ते परत करू शकते. (मोटार असलेली महागडी पावले येथे धरलेली नाहीत.) कार्बन तंतूंचे पाऊल हे काम गाडीच्या पाट्याच्या स्प्रिंगसारखे करते. शरीर चवड्यावर झुकले की पाते वाकते आणि पाऊल सुटताना उसळून सरळ होते. रबर मात्र दाबले गेले की साठलेल्या ऊर्जेचा बराच भाग उष्णतेच्या रूपाने गमावते. म्हणून भरभर चालणाऱ्या किंवा धावणाऱ्या माणसाला कार्बनचा फरक स्पष्ट जाणवतो, आणि चाल जितकी संथ तितका तो कमी होत जातो.

पण रबरी पाऊल "जुने" म्हणून कमी, हा समज बरोबर नाही. शिल्पकार रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास जयपूरमध्ये ते घडवले, तेव्हा पाश्चात्त्य धर्तीच्या प्रचलित पावलात घोट्यापासून चवड्यापर्यंत लाकडाचा कडक कणा असे. त्या पावलाला बूट लागत असे, आणि घोटा वाकत नसल्यामुळे त्यावर उकिडवे बसता येत नसे. जयपूर फुटात घोट्याशी लाकडाचा ठोकळा आणि टाचेला व चवड्याला स्पंज रबराचे ठोकळे असतात; त्यांवर रबराचे आवरण चढवून सगळे साच्यात तापवून एकजीव करतात. चवड्यापर्यंत जाणारा कणाच नसल्यामुळे पाऊल वर वाकते, आत-बाहेर कलते आणि थोडे पिळलेही जाते. उकिडवे बसताना पहिली हालचाल लागते, ढेकळांतून चालताना दुसरी, मांडी घालताना तिसरी. या मोकळेपणाची किंमत अशी, की पाऊल सुटण्याच्या क्षणी चवडा पुरेसा आधार देत नाही आणि लांब, सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला जास्त श्रम पडतात.

वडिलांच्या थकव्याचे आणखी एक कारण वजन असू शकते, आणि वजन किती यापेक्षा ते कोठे आहे हे महत्त्वाचे ठरते. पाय पुढे झुलवताना लागणारा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच अर्धा किलो गुडघ्याखाली २० सेंटीमीटरवर असण्याऐवजी ४० सेंटीमीटरवर असेल, तर त्याचा विरोध चौपट होतो. पावलाचे वजन नेमके सर्वांत दूरच्या टोकाला असते, त्यामुळे ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

तरीही आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पावलाची नाही, दुखण्याची आहे. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायात भार स्टंपच्या टोकावर पडता कामा नये. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड बंध आणि पोटरीचा मऊ भाग यांनी तो मुख्यतः उचलायचा असतो, आणि नडगीच्या धारेला सॉकेटमध्ये (स्टंप ज्यात बसतो त्या खोबणीत) मोकळीक ठेवायची असते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने स्टंप आक्रसत जातो, सॉकेट सैल होते, पाय खाली सरकतो आणि टोक तळाला टेकते. दोन वर्षांपूर्वीच्या मापाच्या सॉकेटचे बहुधा हेच झाले असावे. अशा सॉकेटखाली कितीही महाग पाऊल लावले तरी त्यातली उसळी सैलपणातच वाया जाते.

आधी स्टंपवर जाड मोजा किंवा मोज्याचा आणखी एक थर चढवून पाहावा. दुखणे कमी झाले, तर निदान बरोबर आहे. मग नव्या मापाचे सॉकेट करून घ्यावे. त्वचा लाल पडून दहा मिनिटांतही पूर्ववत होत नसेल किंवा जखम असेल, तर पाय वापरणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. रानात राबणाऱ्या माणसासाठी पाऊल मी रबरीच ठेवीन.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांचा पाय मांडीतून गेला आहे. उतारावर कृत्रिम गुडघा अचानक दुमडतो. "चार दांड्यांचा" गुडघा घ्या, असे सुचवले आहे. त्याने काय साधते?
— एक वाचक, महाड

उत्तर : साध्या गुडघ्यात एकच खिळ असते. टाच टेकताच जमिनीची प्रतिक्रिया (जमिनीकडून पायावर येणारा उलटा जोर) त्या खिळीच्या मागून गेली, की गुडघा दुमडतो, आणि उतारावर ती मागून जाण्याची शक्यता वाढते. खिळींनी एकमेकांना जोडलेल्या चार दांड्यांच्या रचनेत फिरण्याचा केंद्रबिंदू कोठल्याही खिळीवर नसतो. पाय सरळ असताना तो प्रत्यक्ष गुडघ्याच्या वर आणि मागे असतो. त्यामुळे प्रतिक्रियेची रेषा त्याच्या पुढून जाते आणि गुडघा सरळच राहतो. शिवाय वाकताना पायाची लांबी थोडी घटते, त्यामुळे चवडा जमिनीला अडखळत नाही. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती ही कृत्रिम पाय बसवणारी संस्था आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मिळून याच तत्त्वावर प्लास्टिकचा स्वस्त गुडघा तयार केला.

मर्यादाही सांगितली पाहिजे. तो वाकल्यावर भार पेलत नाही. जिना प्रत्येक पायरीवर एकेकच पाय ठेवत उतरायचा असेल, तर द्रवदाबाचा गुडघा लागतो.

प्रश्न : कृत्रिम पाऊल किती वर्षे टिकते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्षांपेक्षा पावले मोजावीत. पावलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २० लाख वेळा भार दिला जातो. दिवसाला ६,००० पावले चालणाऱ्याच्या एका पायावर ३,००० पडतात, म्हणजे वर्षाला सुमारे ११ लाख. या हिशेबाने चाचणी दोन वर्षांच्याही आतली झाली. मात्र चाचणीतला भार साध्या चालीपेक्षा अधिक असतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाऊल यापेक्षा जास्तही टिकू शकते. टाचेजवळ भेग दिसली, चालताना करकर ऐकू आली किंवा बोल्ट वारंवार सैल होऊ लागला, तर मुदतीची वाट न पाहता ते बदलावे.