पटकथेची तीन अंकांची रचना ॲरिस्टॉटलने सांगितली, हे खरं आहे का?

नाही, निदान आज पटकथेच्या वर्गात शिकवतात तशी तर नाहीच. ‘पोएटिक्स’ या नाट्य-काव्यावरच्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात तो एवढंच म्हणतो की कथानकाला आदि, मध्य आणि अंत हवा, आणि एकातून दुसरं ओघाने यायला हवं. अंकांचा हिशोब तिथे नाही. नाटकाला पाचच अंक हवेत हा आग्रह पुढे रोमन कवी होरेसचा. पानांचं गणित आलं पटकथालेखन शिकवणाऱ्या अमेरिकन सिड फील्डच्या १९७९ सालच्या पुस्तकातून: १२० पानांची पटकथा, एका पानाला साधारण एक मिनिट, पहिला अंक ३० पानं, दुसरा ६०, तिसरा ३०. पहिलं मोठं वळण पंचवीस-सत्तावीसाव्या पानाजवळ. घोळ होतो तो दुसऱ्या अंकात. नुसते अडथळे रचत गेलं की प्रसंग ‘आणि मग... आणि मग’ असे एकामागे एक लागतात. लागोपाठच्या दोन प्रसंगांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही तर कार्यकारणाचा धागा तिथे तुटलाय. मात्र ही मापं दोन तासांच्या हॉलिवूडपटाची आहेत. आपल्याकडे मध्यंतर असतं, त्यामुळे मधलं वळण जास्त ठसठशीत लागतं, नाहीतर प्रेक्षक पॉपकॉर्न घेऊन परत येतो तो थंड होऊनच.