वाचकांचे प्रश्न : मोडेमवरचं कार्टून

प्रश्न : १९९९ साली अमेरिकेतल्या टीव्ही-लेखकांनी खास इंटरनेटसाठी ‘आइसबॉक्स’ ही ॲनिमेशन कंपनी काढली होती. डायल-अपवर कार्टून दिसायचं कसं? आमच्या मंडळातल्या मुलांना तसंच काही मराठीत करायचं आहे. सीडीवर जुन्या एसडब्ल्यूएफ (फ्लॅश कार्टूनच्या) फायलीही पडून आहेत.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : हॉवर्ड गॉर्डन, रॉब लाझेब्निक वगैरे मंडळींची ही कंपनी. माइक रीस यांचं ‘क्विअर डक’ आणि एरिक कॅप्लन यांचं ‘झॉम्बी कॉलेज’ तिथलंच. पैसे संपले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनी बंद पडली. ‘क्विअर डक’ मात्र शोटाइम या अमेरिकी वाहिनीकडे गेलं, २००६ मध्ये त्याचा चित्रपटही निघाला.

हे सगळं चालायचं फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर. फ्लॅश चित्राचे ठिपके पाठवत नाही, रेषांचं गणित पाठवतं. पात्राचा हात एकदाच उतरवायचा (डाउनलोड करायचा), मग फक्त त्याची जागा बदलायची. ५६ केच्या डायल-अप मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला ४-५ केबी मिळत. १६ केबीपीएसचा (सेकंदाला १६ किलोबिट, म्हणजे २ किलोबाइट) मोनो आवाज त्यातले २ केबी खातो, म्हणजे ३ मिनिटांच्या भागाला ३६० केबी नुसत्या संवादांचे. म्हणून अशा कामात काटछाट संहितेपासून सुरू होते, आणि लेखकांनी हे माध्यम उचललं ते आम्हाला अगदी स्वाभाविक वाटतं. पात्रं जागच्या जागी उभी, भार सगळा बोलण्यावर.

अडायचं ते दृश्य बदलताना. सेकंदाला १२ फ्रेम (स्थिर चित्रं) धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ४०० बाइट येतात. तिथे २० केबीचं नवं नेपथ्य आलं की चित्र चार सेकंद थिजणार. म्हणून जड चित्रं सुरुवातीलाच उतरवून घेत. स्कॅन केलेलं रेखाटन ‘ट्रेस’ केलं, म्हणजे आपोआप रेषांत बदललं, की हजारो बिंदू तयार होतात आणि फाइल फुगते. रेषा ‘ऑप्टिमाइझ’ कराव्यात, त्याहून बरं म्हणजे हातानेच पुन्हा काढाव्यात.

आता तुमची मालिका. आज वजनाची अडचण नाही, पण १२ फ्रेमचा वेग ठेवा. काम निम्म्यावर येतं. आवाज आधी ध्वनिमुद्रित करा आणि ॲनिमेटच्या (आजच्या फ्लॅशच्या) टाइमलाइनवर, म्हणजे फ्रेमच्या पट्टीवर, ‘स्ट्रीम’ ठेवा; तो चित्राशी बांधलेला राहतो. ‘इव्हेंट’ ठेवला तर मंद संगणकावर चित्र मागे पडतं, आवाज पुढे निघून जातो. तोंडाचे सहा आकार पुरतात: मिटलेलं, आ, ई-ए, ओ-ऊ, ‘व’साठी ओठावर दात आणि एक सैल. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटलेच पाहिजेत, आणि आवाजाच्या एक फ्रेम आधी. बाकी चुका खपतात, ‘बाबा’ म्हणताना तोंड उघडं राहिलं की लगेच खटकतं. प्रत्येक अक्षराला आकार बदलू नका, तोंड फडफडतं.

तोंडं ‘ग्राफिक’ सिम्बॉलमध्ये (सिम्बॉल म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र) ठेवा. ‘मूव्ही क्लिप’मध्ये ठेवली तर टाइमलाइन पुढेमागे सरकवताना ती हलत नाहीत, ओठ जुळलेत का ते तपासताच येत नाही.

सीडीबद्दल : अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअर थांबवला. ‘रफल’ हा मोफत प्लेअर घ्या; त्या काळची साधी कार्टून्स त्यात सहसा नीट चालतात. आधी सगळी सीडी हार्ड डिस्कवर उतरवा. शेजारी एफएलए (फ्लॅशच्या मूळ कामाच्या) फायली असतील तर त्याही जपा, मूळ टाइमलाइन त्यांतच असते. रफल त्या उघडत नाही, त्यांना ॲनिमेट लागतं. एफएलए हरवल्या असतील तर ‘जेपेक्स’ या फाइल सुटी करणाऱ्या सॉफ्टवेअरने एसडब्ल्यूएफमधली चित्रं आणि आवाज वेगळे काढता येतात.