आधी काटा थांबवा, मग उतरवा

ताई, नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. वय ४३, उंची पाच फूट एक इंच. मागच्या वर्षी जानेवारीत वजन ८४ किलो होतं. सकाळी पपई, दुपारी दोन फुलके आणि भाजी, रात्री नुसतं सूप, शिवाय रोज सव्वा तास फिरणं, असं करून ऑक्टोबरपर्यंत ७३ वर आणलं. सगळे विचारत, "काय करून राहिली तू?" नोव्हेंबरात सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. रात्री त्यांच्यासाठी दोन-तीनदा उठावं लागते. मग भाच्याचं लग्न, मग उन्हाळा. फिरणं सुटलं ते सुटलंच. चार महिने काट्यावर उभीच राहिली नाही. परवा राहिली तर ८०.५! सैल झालेले कुर्ते मी बहिणीला देऊन टाकले होते, आता परत कसे मागू? रात्री सगळं आवरलं की ओट्यापाशी उभ्यानंच काहीबाही खाते. दर सोमवारी ठरवते, बुधवारी मोडते. यजमान म्हणतात, "जाऊ दे, तुझ्याच्यानं होत नाही." पहिलेसारखा जोर कसा आणू? दीड महिन्यावर महालक्ष्म्या आहेत, त्याआधी काही होईल का?

— हिरमुसलेली

नमस्कार.

कुर्त्यांचं शेवटी बघू. आधी थोडा हिशेब करू, कारण तुमच्या पत्रात राग स्वतःवर आहे आणि आकडे वेगळंच सांगताहेत.

७३ वरून ८०.५ म्हणजे साडेसात किलो, आणि त्याला लागले नऊ महिने. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. भागाकार केला तर रोज दोनशे-सव्वादोनशे कॅलरी जास्तीच्या गेल्या. हिशेब ढोबळ आहे, वाढलेलं सगळं वजन चरबीचंच असतं असं नाही. तरी अंदाज येतो: दिवसाला एक पूर्ण समोसासुद्धा होत नाही. घरात आजारपण, रात्रीची मोडकी झोप, फिरणं बंद, एवढ्या सगळ्यात इतकीच चूक झाली. आणि तुम्ही ८४ ला परत गेलेल्या नाहीत, साडेतीन किलो अजून खालीच आहात.

दुसरी गोष्ट शरीराची. वजन उतरलं की शरीर ते नुकसान समजतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचा निरोप देणारी कमी होतात. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की हा फरक वजन उतरवल्यावर वर्षभरानंतरही टिकून असतो. शिवाय ७३ किलोच्या शरीराला ८४ किलोच्या शरीराइतकं खाणं लागत नाही. भूक जास्त आणि गरज कमी, अशा कात्रीत तुम्ही नोव्हेंबरात होतात, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई पडल्या.

आता जरा स्पष्ट बोलते. पपई-फुलके-सूप हा आहार मुळातच चुकीचा होता. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. अशा खाण्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की शरीराचा रोजचा खर्च आणखी घटतो. वर सव्वा तास मोकळा मिळणं ही त्याची अट. म्हणजे घरात सगळं सुरळीत असेल तोवरच चालणारी ती योजना होती. दर सोमवारी तुम्ही तीच पुन्हा सुरू करता, म्हणून ती बुधवारी मोडते. जोर कमी पडतोय असं तुम्हाला वाटतं, पण मागच्या जानेवारीतला जोर मोकळ्या संध्याकाळींच्या जिवावर होता. त्याची वाट बघू नका. महालक्ष्म्यांपर्यंत वजन उतरवायचंही नाही. फक्त वाढणं थांबवायचं.

पुढचे चार आठवडे काटा ८०.५ च्या आसपास, एक किलो इकडे-तिकडे, राहिला की झालं. हे ऐकायला कमी वाटतं, पण वाढती गाडी थांबवणं हेच अर्धं काम असतं, आणि ते जमलं की मन आपोआप पुढचं मागतं.

वजन रोज सकाळी करा: शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काटा त्याच फरशीवर ठेवून. आकडा कॅलेंडरवर लिहा आणि विसरा. रविवारी सातही आकड्यांची सरासरी काढा, खरा आकडा तोच. रोजचा आकडा मीठ, पाळी, बद्धकोष्ठ यांनी किलो-दोन किलो सहज हलतो. आठवड्यातून एकदाच वजन करणाऱ्या बाया इथेच फसतात, नेमका पाणी साठलेला दिवस सापडतो आणि आठवडाभराची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. सोबत महिन्यातून एकदा कंबर मोजा, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही इशाऱ्याची रेघ मानतात. तिथपर्यंत लगेच पोचायचं नाही, पण काटा अडला तरी टेप कधीकधी पुढे सरकते.

या चार आठवड्यांत बदल तीनच.

पहिला बदल तेलाचा. घरात चौघं असाल आणि महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला चाळीस मिली झालं, म्हणजे जवळपास साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. ते पंचवीस मिलीवर आणायचं. दर सोमवारी ७०० मिली तेल एका वेगळ्या बाटलीत काढा, ते रविवार रात्रीपर्यंत चौघांना पुरवायचं, आणि फोडणी चमच्यानं मोजून घालायची. कॅनमधून थेट कढईत ओतलं की हात सुटतोच. झुणका आणि वांगं तेल पितात, ते एकाच आठवड्यात दोन्ही नकोत. तळण केलंत तर कढईत उरलेलं तेल गाळून त्याच बाटलीत परत घाला. तेवढं तळणात गेलं हे डोळ्यांना दिसतं. माणशी सव्वाशे-दीडशे कॅलरी इथेच वाचतात, आणि कोणाचं ताट वेगळं करावं लागत नाही.

दुसरा चहा. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी साखरेच्याच. दोन कप, एकेक चमचा. एकदम बंद करू नका, डोकं दुखतं आणि तिसऱ्या दिवशी बिस्किटांसकट परत येतो.

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, सकाळी प्रथिनं. आलूपोह्यांच्या प्लेटीत प्रथिनं पाचेक ग्रॅम, म्हणून अकराला पोटात कावळे. दोन अंड्यांत बारा ग्रॅम मिळतात. पन्नास ग्रॅम बेसनाच्या धिरड्यात दहा-अकरा. पोहे हवेच असतील तर अर्धी प्लेट पोहे आणि वाटीभर उकडलेला चणा, वर कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. बाहेर तर्रीपोहे खाल्लेत तर तर्रीतला चणा खा, वरचं लाल तेल प्लेटीतच राहू द्या. दिवसाचा बेत साठ ग्रॅमच्या आसपास ठेवा: दुपारी वाटीभर घट्ट वरण सात ग्रॅम, संध्याकाळी मूठभर फुटाणे सहा, आठवड्यातून दोनदा तीस ग्रॅम सोयाबीन वड्या पंधरा, बाकी दही, पनीर, खात असाल तर चिकन. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

भात आणि पोळी सोडायला मी मुद्दाम सांगितलं नाही. दुपारी नीट जेवल्याशिवाय रात्रीचं ओट्यापाशी उभं राहणं सुटत नाही. ते खाणं दिवसभराच्या उपाशीपणाचं असतं, आणि थकव्याचंही. सगळं आवरल्यावर ती पंधरा मिनिटं दिवसातली तुमची एकटीची असतात, त्यामुळे खाऊ नका एवढं म्हणून भागणार नाही. खायचंच तर वाटीत काढा आणि खुर्चीवर बसून खा. डब्यातून खाल्लेलं मोजता येत नाही. आठवड्यातून एकदा तरी आवरता न येण्याइतकं खाणं, नंतर लाज वाटणं, असं काही महिने चाललं असेल तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांशी बोला. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच जीव लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

झोपेचं यजमानांशी बोलावं लागेल. "तुझ्याच्यानं होत नाही" म्हणणाऱ्या माणसाला जोर द्यायला सांगू नका, काम द्या. सासूबाईंसाठी रात्री उठण्याची पाळी लावा, एक रात्र तुम्ही, एक रात्र ते. तुटक झोपेनं भूक वाढते आणि मन गोडाकडे धावतं. आठवड्यातून तीन सलग झोपा मिळाल्या तरी फरक पडेल. हे बोलणं रात्री नको, चहाच्या वेळी करा, आणि "मला बरं वाटत नाही" असं न सांगता "सोम-बुध-शुक्र तुम्ही उठा" असे वार ठरवून टाका.

व्यायामाचा सव्वा तास आता नाही, तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. दोन जेवणांनंतर गच्चीवर किंवा गल्लीत चालणं, तिसरा तुकडा सासूबाईंसोबत. खुब्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट बहुधा खुर्चीवरून उठ-बस करायला सांगतात. त्या त्यांच्या गतीनं करतील तेव्हा शेजारच्या खुर्चीवर तुम्ही हात न टेकता दहा-दहाच्या तीन फेऱ्या करा, मग भिंतीला हात टेकून दहा दंड. एक दिवस आड एवढं पुरे. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा. मेमध्ये आपल्याकडे संध्याकाळी आठलाही डांबर भाजत असतं, सूर्य मात्र साडेपाचला उगवतो. म्हणून उन्हाळ्यातलं फिरणं पाच ते पावणेसहा, नाहीतर घरातच.

आणि बिकट दिवसासाठी एक चिठ्ठी फ्रिजला लावा: वजन लिहिणं, सकाळची प्रथिनं, दहा मिनिटं चालणं. दवाखान्यात दिवस गेला, पाहुणे आले, पाळीचा त्रास आहे, तरी एवढ्या तिन्ही गोष्टी झाल्या की दिवस जमेत धरायचा. बाकी सगळं मोडलं तरी. बुधवारी मोडलं तर पुढचा सोमवार शोधू नका, पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. सवय एकवीस दिवसांत लागते ही नुसती ऐकीव गोष्ट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०१० मध्ये जे मोजलं त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, कोणाला १८, कोणाला २५४. अधूनमधून एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळी खा, तुपासकट खा. दुसऱ्या दिवशी काटा दोन किलो वर दाखवेल, घाबरू नका. एका दिवसात दोन किलो चरबी वाढायला तुपाच्या चव्वेचाळीस पुरणपोळ्या रोजच्या जेवणावर खाव्या लागतील. तो आकडा पाणी आणि मिठाचा, चार-पाच दिवसांत उतरतो. धोका जेवणाच्या दिवशी नसतो, उरलेल्या पुरणाच्या डब्यात असतो. ते फ्रिजमध्ये चार दिवस राहतं आणि तुम्ही येता-जाता चमचा मारता. विसर्जनाच्या संध्याकाळीच वाटून टाका.

चार आठवडे काटा थांबला की दिवसाच्या खाण्यातून तीनशेएक कॅलरी कमी करा: रात्रीची एक पोळी, अर्धी वाटी भात आणि दुपारचं एखादं गोड. महिन्याला एक ते दीड किलो उतरेल. ७३ ला पोचायला सहा महिने धरा, दिवाळीत महिनाभर थांबेल हे गृहीत धरून सात. पहिल्यापेक्षा हळू आहे, पण यात उपास नाही. महिन्यात दहा किलोवाली पावडर कोणी गळ्यात मारायला आली तर दार लावून घ्या. हे सगळं करूनही सरासरी वाढतच राहिली तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांनी वजन वाढतं. मात्र त्या स्वतःहून बंद करू नका.

राहिले कुर्ते. बहिणीकडून परत मागू नका. दोन नवे शिवायला टाका, आज अंगाला नीट बसतील असे. घट्ट कपड्यात दिवसभर पोट आवळून बसलेली बाई संध्याकाळी फिरायला निघत नाही.  डिसेंबरात टेलरकडून बाजूच्या शिलाईत आत घेता येतील.