गडवाटांवरून समाजकार्याकडे वळताना

तुम्ही ट्रेक नेत असाल आणि कोणत्याही शाखेचे पदवीधर असाल, तर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार जरूर करा. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था येथे वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांमध्ये जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाला असते आणि तिथे ट्रेक-लीडरचा अनुभव खरोखर कामी येतो. पावसात घाबरलेल्या, दमलेल्या वीस जणांना न ओरडता खाली आणणे आणि सर्वांत मागे राहिलेल्याच्या चालीने चालणे, हे ज्याला जमते त्याला गटकार्याचा, म्हणजे गटाला सोबत घेऊन काम करण्याचा निम्मा धडा आधीच ठाऊक असतो. अर्जात मात्र सर केलेल्या सुळक्यांची यादी देऊ नका, माणसांविषयी लिहा.

न विचारता फोटो काढण्याची ट्रेकमधली सवय मोडणे अधिक अवघड आहे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी एका ठाकरवाडीत मी चुलीपुढे बसलेल्या आजींचा फोटो न विचारता काढला होता, पुढच्या खेपेस त्यांनी शांतपणे विचारले, "नेलास तो फोटो, आम्हाला कधी दाखवणार?" तेव्हापासून मी आधी विचारतो आणि फोटोची छापील प्रत घरपोच देतो. बालगृहातील किंवा अत्याचारपीडित मुलांची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हाच आहे, मग हेतू कितीही चांगला असो. समाजकार्यात सुरुवातीचे मानधन बेताचे असते, म्हणून शनिवार-रविवारचे ट्रेक नेणे लगेच सोडू नका.