रानबदकाची छाती कुकरला लावू नको भो

राम राम भो. तुझा प्रश्न वाचला. कॅनडात सास्काटूनला सोबत काम करणाऱ्याने शिकारीहून आल्यावर मॅलार्ड बदकाच्या छातीचे चार तुकडे दिलेत, कातडीसकट, फ्रीजरमध्ये पडलेत, आणि आता घरच्यासारखं काळ्या मसाल्यात कुकरला लावू का, वास येईल का, आतून गुलाबी राहिलं तर खायचं का. वर दोघातिघांनी दूध, व्हिनेगर, पपई सगळं सुचवून ठेवलंय. मी सहा वर्षं विनिपेगला एका हॉटेलच्या किचनमध्ये काढली, आता परत चोपड्याला केळीत आहे, आणि हे मांस मी आधी बिघडवून मग शिकलोय म्हणून जरा लांबण लावतो.

माझ्या पहिल्या वर्षी तिथल्या एका पोराने असेच तुकडे आणून दिले (विकत मिळत नाहीत ते, रानपाखराचं मांस विकणंच तिकडे बेकायदेशीर आहे, कोणी दिलं तरच). मी घरी नेऊन आपला सगळा थाट केला, कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजलं, वाटण शेंगदाण्याच्या तेलात परतलं, तर्री सुटली आणि मग तुकडे टाकून पाच शिट्ट्या. रस्सा एक नंबर. तुकडे मात्र कलेजी आणि चपलेचा सोल यांच्या मधलं काहीतरी. बायकोने रस्सा-भाकर खाल्ली, तुकडे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले आणि काही बोलली नाही.

कारण साधं आहे. आपली कोंबडी उडत नाही म्हणून तिची छाती पांढरी. हे पाखरू हिवाळा आला की कॅनडातून थेट अमेरिकेच्या खालच्या राज्यांपर्यंत उडत जातं, त्या स्नायूला सारखा ऑक्सिजन लागतो, तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन त्यात ठासून भरलेलं असतं म्हणून मांस गर्द लाल. चरबी सगळी कातडीखाली, मांसात जवळपास नाहीच. आणि मटणाच्या नळीला-मांडीला जे पडदे, शिरा असतात, जे तासभर शिजून विरघळतात आणि मांस मऊ करतात, ते छातीत नसल्यातच जमा. म्हणजे जास्त शिजवलं की मऊ पडेल हे इथे होतच नाही, फक्त कोरडं होत जातं. कलेजी जशी दोन मिनिटं जास्त झाली की गेली, तसंच समज.

आता वास. तो मांसापेक्षा चरबीत असतो आणि पाखराने काय खाल्लं त्यावर असतो. मासे-शिंपले खाणारं बदक असेल तर चरबीला मासळीचा वास येतो आणि मग त्याला दूध काय नि व्हिनेगर काय, कातडी चरबीसकट काढून टाकणे हाच उपाय. पण तुझ्याकडचा मॅलार्ड प्रेअरीतला, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ-शेतीच्या पट्ट्यातला आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरला ही पाखरं कापणी झालेल्या गव्हाच्या, बार्लीच्या, वाटाण्याच्या शेतात उतरून दाणे टिपतात, त्यामुळे बहुतेक चांगलंच निघेल. अंदाजावर जाऊ नको, कडेची नखाएवढी कातडी कापून गरम तव्यावर टाक आणि वितळताना वास घे. खमंग आला तर कातडी ठेव, चिखल किंवा मासळी आली तर काढ.

दुधाने थोडं रक्त उतरतं, पण ते मिठाच्या पाण्यानेही उतरतं आणि वर मांसात मीठ मुरतं. एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम मीठ, चार-पाच तास, फ्रीजमध्ये. त्याआधी तुकडे फ्रीजमध्येच रात्रभर ठेवून बर्फ सुटू दे, ओट्यावर नको. पपई अजिबात लावू नको, वरचा थर पिठासारखा होतो आणि आत काही फरक नाही. व्हिनेगरचंही तेच, रंग जातो आणि चव त्याचीच येते.

मिठातून काढल्यावर एक काम विसरू नको, छर्रे. बोटाने सगळा तुकडा दाबत जा. जिथे काळपट निळा डाग दिसेल तिथे सुरीच्या टोकाने उघड, आत बाजरीच्या दाण्याएवढा छर्रा असतो आणि बरेचदा त्याच्यासोबत आत ओढलं गेलेलं बारीक पीसही. मी काढलेले ताटलीत टाकायचो, टण वाजायचे. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून आणि कॅनडात १९९९ पासून बंद आहेत त्यामुळे बहुतेक स्टीलचे असतात, पण स्टीलवर दाढ पडली तर दाढ जाते.

मग कापडाने कोरडं कर, अगदी कोरडं. कातडीवर सुरीने तिरप्या उथळ रेघा मार, मांसाला लागू देऊ नको. लोखंडी तवा किंवा जाड पॅन, चमचाभर तेल, मध्यम आचेच्या जरा खाली, कातडीची बाजू खाली, आणि वरून उलथन्याने मिनिटभर दाबून धर नाहीतर कातडी आकसून वाटीसारखी होते. आधी चिडचिड असा ओला आवाज येतो, पाणी उडालं की तो बारीक होतो आणि चरबी सुटायला लागते. चार-पाच मिनिटांत कातडी भाजलेल्या पापडाच्या रंगाची होईल, उलटव, दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं, काढ. पाच मिनिटं ताटात नुसतं पडू दे. लगेच कापलं तर सगळा रस ताटात. कापताना धाग्याला आडवं, पातळ. काळा मसाला तव्यावर टाकायचा नाही, जळून कडू होतो, कापल्यावर वरून चिमूटभर भुरभुरव.

गुलाबीचं असं आहे की तिकडचा सरकारी सल्ला बदकालाही कोंबडीसारखाच, आत ७४ डिग्री. हॉटेलवाले ५४ ते ५७ वरच वाढतात आणि चव तिथेच आहे हे मी खोटं कशाला बोलू. पण त्यात थोडी जोखीम आहे, आणि २०२२ पासून तिकडे रानपाखरांत बर्ड फ्लूच्या साथी येतायत, त्यामुळे कच्च्याला हात लावल्यावर साबणाने धू, पाट-सुरी वेगळी ठेव. घरात गरोदर बाई, लहान पोरं किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना गुलाबी देऊ नको, सरळ ७४ पर्यंत ने, पातळ कापून रस्सा घालून दे. थर्मामीटर घे एक, अंदाजाने माझे पहिले दहा तुकडे वाया गेले. गुलाबी हवं असेल तर ५२-५३ ला उतरव, बाकीचे दोन-तीन डिग्री ते पडल्या पडल्या चढतं.

सोबत काय? मी शेवभाजीचा रस्सा करायचो, शेव न घालता. रस्सा ताटलीत खाली, तुकडे वर, वरून ओतला तर कातडी नरम पडते. तव्यात जी चरबी उरेल त्यात हिरव्या मिरच्या नि लसूण परतून ठेचा कर, हे तर करच. कळण्याच्या भाकरीचं पीठ तिकडे मिळालं नाही तर ज्वारीची चालेल.

भुसावळच्या भावाने खाली विचारलंय की हतनूर धरणावर थंडीत एवढी बदकं उतरतात, तिथलं कोणी देईल का. नाही दादा. चक्रवाक असो, तलवार बदक असो की आपलं हळदी-कुंकू, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सगळ्यांना संरक्षण आहे, मारणं काय, विकत घेणंही गुन्हा, कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुर्बीण घेऊन जा. खायचंच असेल तर पाळीव बदकाची छाती फ्रोझनमध्ये शोध. तिची चरबी बोटभर जाड असते म्हणून ती थंड तव्यावर ठेवून मग गॅस लावायचा आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं नुसती कातडीच भाजायची, तेल लागत नाही.

आणि सास्काटूनवाल्या, त्या मित्राला पुढच्या वेळी सांग की तंगड्या फेकू नको. बरेच शिकारी फक्त छाती काढून बाकीचं टाकून देतात. तंगड्यांत पडदे-शिरा भरपूर, त्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घाल आणि शिट्टी झाली की बारीक गॅसवर अर्धा-पाऊण तास. कुकर तेव्हा काढ.