शोधयंत्रात ‘पैठणी’ टाकल्यावर आमचे संकेतस्थळ का दिसत नाही?

प्रश्न : आम्ही येवल्यात हातमागावर पैठण्या विणतो. दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळ केले. पण गूगलवर ‘पैठणी’ शोधले, तर आम्ही कुठेच दिसत नाही. काय करावे? – एक विणकर

उत्तर : ‘पैठणी’ या एका शब्दासाठी मोठ्या दुकानांशी झुंजण्यात तुमची शक्ती वाया जाईल. शिवाय तो शब्द टाकणाऱ्याला साडी घ्यायची आहे, फोटो पाहायचा आहे की इतिहास वाचायचा आहे, हेही त्यावरून कळत नाही. याउलट ‘हातमागाची पैठणी कशी ओळखावी’ किंवा ‘लग्नासाठी मोरपंखी रंगाची मुनिया काठाची पैठणी’ असे शोधणारे थोडे असले, तरी त्यांच्या मनात खरेदी बरीचशी ठरलेली असते. अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते, तर यंत्रमागाच्या साडीमागे बहुधा सुटे धागे लोंबतात. हे दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह सांगणारे एक पान लिहा आणि गिऱ्हाईक फोनवर ज्या शब्दांत विचारते, तेच शब्द शीर्षकात ठेवा.

‘गूगल सर्च कन्सोल’ या मोफत साधनातील कामगिरी अहवालात लोक काय शोधत तुमच्यापर्यंत पोचले, ते दिसते. ज्या शोधवाक्यांसाठी तुमचे पान विसाव्या-तिसाव्या क्रमांकावर रेंगाळते, ती आधी हाती घ्या. एखादे वाक्य महिन्यात किती वेळा शोधले जाते ते सांगणाऱ्या शब्दसाधनाने (कीवर्ड टूल) त्यापुढे शून्य दाखवले, तरी ते सोडू नका; तो अंदाजच असतो. मात्र केवळ गावाचे नाव बदलून तीच पाने पुन्हापुन्हा टाकू नका. असला प्रकार गूगल स्पॅम मानते.