वाचकांचे प्रश्न : शास्त्रज्ञ कुलगुरू होतो तेव्हा

प्रश्न : मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. गेली १२ वर्षे माझे संशोधन चालू आहे आणि सध्या ३ विद्यार्थी माझ्याकडे पीएच.डी. करीत आहेत. संस्थेने उपप्राचार्यपद स्वीकारण्याचा आग्रह धरला आहे. ‘ही पायरी चढलीस, तर उद्या कुलगुरूही होशील,’ असे घरची मंडळी म्हणतात. संशोधन सांभाळून हे जमते का?
– एक प्राध्यापिका, गंगापूर रोड

उत्तर : आजच्या वेगाने संशोधन चालू राहणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः ४ वर्षे रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो. त्या काळात वर्णपटमापकावरची धूळ पुसणे एवढाच माझा त्या यंत्राशी संबंध उरला होता, आणि विभागप्रमुखाची कामे उपप्राचार्यांच्या मानाने पुष्कळच कमी असतात. तेव्हा पदोन्नती मिळते आहे असे न समजता आपण व्यवसाय बदलतो आहोत असे समजून निर्णय घ्यावा.

आपण राहता त्याच रस्त्याने पुढे गोवर्धनला गेले की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसर लागतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे मुळात आपल्याच विषयाचे, पदार्थविज्ञानाचे, प्राध्यापक होते. अभिजात यामिकीवरचे (क्लासिकल मेकॅनिक्स) त्यांचे आणि पु. श्री. पुराणिकांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक कदाचित आपणही एम.एस्सी.ला वापरले असेल. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेवढ्यावर थांबून सन्मानाने निवृत्त होणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी नाशिकला येऊन, वर्गात येऊ न शकणाऱ्या माणसाला पदवीपर्यंत कसे न्यायचे, हा नवाच प्रश्न हाती घेतला आणि पुढे १९९५ पासून तोच प्रश्न इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून देशाच्या पातळीवर हाताळला.

या प्रश्नाचे स्वरूप नीट पाहावे. शिक्षक समोर नसेल, तर पुस्तकानेच शिकवले पाहिजे. म्हणून स्वयं-अध्ययनाची पुस्तके हवीत. पुस्तकावर अडलेल्या विद्यार्थ्याला विचारायला कोणीतरी हवे. म्हणून गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे आणि तेथे शंका सोडवणारे संमंत्रक हवेत. बारावी न झालेल्या गृहिणीला किंवा कामगाराला दार उघडायचे, तर त्याची तयारी करून घेणारा पूर्वतयारी शिक्षणक्रम हवा. एका अडचणीतून दुसरी काढत जाणारी ही विचारपद्धती मला तरी प्रयोगशाळेतलीच वाटते, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद तिच्यामुळे निव्वळ घोषणा राहिले नाही. ताकवले यांचे संशोधन थांबले असे आपण म्हणू शकतो. परंतु संशोधक म्हणून ते थांबले असे मात्र मी म्हणणार नाही.

म्हणून आपल्याला माझा उलट प्रश्न असा आहे : आपल्या महाविद्यालयात असा एखादा प्रश्न आहे का, जो पद नसतानाही आपल्याला छळतो? प्रथम वर्ष विज्ञानाला आलेली खेड्यातली मुले दिवाळीनंतर का दिसेनाशी होतात, किंवा प्रात्यक्षिकांच्या वह्या एकमेकांच्या नकला का असतात, यांसारखा? असेल, तर पद घ्यावे. नसेल, आणि केवळ घरच्यांची ‘पायरी’ डोळ्यांपुढे असेल, तर घेऊ नये. घेतलेच तर आठवड्यातला १ पूर्ण दिवस प्रयोगशाळेसाठी संस्थेकडून लेखी मागून घ्यावा, कारण तोंडी दिलेला दिवस पहिल्या प्रवेशप्रक्रियेतच वाहून जातो. हाताखालच्या तिघांचे प्रबंध सादर होईपर्यंत चौथा विद्यार्थी मात्र घेऊ नये.

प्रश्न : आमच्या मुलाची गुणपत्रिका दुरुस्त होऊन मिळायला ७ महिने लागले. विद्यापीठाचे कुलगुरू मोठे शास्त्रज्ञ आहेत म्हणे. रॉकेटचे इंधन जाणणाऱ्याला परीक्षा विभागातला गोंधळ कसा कळणार? या जागी प्रशासकच का नेमत नाहीत?
– एक पालक, सातपूर

उत्तर : आपला संताप रास्त आहे; निष्कर्ष मला निम्माच पटतो. रॉकेटचे इंधन खरोखरच जाणणारे एक कुलगुरू पुणे विद्यापीठाला लाभले होते. डॉ. वसंत गोवारीकर यांनी बर्मिंगहॅमहून रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली, विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते १९६७ मध्ये केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले आणि घन इंधनाच्या कामात त्यांनी स्वतःला गाडून घेतले. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आणि १९९५ ते १९९८ पुण्याचे कुलगुरू.

ते संचालक झाले त्याच वर्षी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, एसएलव्ही-३ या उपग्रहवाहक रॉकेटचे पहिले उड्डाण अयशस्वी ठरले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या एका सदोष झडपेपर्यंत त्याचे कारण शोधले गेले आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच बनावटीचे दुसरे वाहन रोहिणी उपग्रह घेऊन यशस्वीपणे गेले. आपल्या मुलाची गुणपत्रिका ७ महिने कोणत्या टेबलावर पडून होती, हे असेच शोधता येते. ही सवय शास्त्रज्ञाजवळ असते, ही त्याची जमेची बाजू.

अडचण अशी, की रॉकेटमधली झडप बदलण्यासाठी कोणाची मंजुरी लागली तरी झडपेची स्वतःची संघटना नसते. विद्यापीठात अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, रिक्त पदे आणि शासनाचे आदेश या सर्वांतून वाट काढावी लागते, आणि तेथे ‘माझे म्हणणे पुराव्याने सिद्ध आहे’ एवढ्याने भागत नाही. हे न उमगलेले विद्वान कुलगुरू आपल्या दालनातच एकटे पडलेले मी पाहिले आहेत. परंतु केवळ प्रशासक नेमला, तर गुणपत्रिका कदाचित वेळेवर येईल. तीवरचे गुण कशाचे मोजमाप करतात, हा प्रश्न विचारायला कोणी उरणार नाही. कुलसचिव आणि परीक्षा संचालक खमके असावेत, कुलगुरू विद्वान असावा, ही विभागणी मला अधिक पटते.

प्रश्न : कुलगुरू होण्यासाठी पात्रता काय लागते?
– एम.एस्सी.चा विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार विद्यापीठात प्राध्यापकपदाचा किंवा नामवंत संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतला किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. प्राध्यापक याचा अर्थ येथे त्या नावाचे पद. १० वर्षे शिकवले, एवढ्याने चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे शोध समिती नावांची शिफारस करते आणि कुलपती या नात्याने राज्यपाल त्यांतून निवड करतात. मुदत ५ वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. नाशिकमधले मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचे कायदे स्वतंत्र आहेत, ते वेगळे पाहावेत. आपण अजून एम.एस्सी.ला आहात, तूर्त सेट-नेट या अध्यापनाच्या पात्रता परीक्षांचा अर्ज भरण्याची मुदत चुकवू नये.